चैतन्य : एका शब्दाचा अर्थ व उपयोग

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या सभेंत आम्हीं धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगावा, अशी महोत्सव समितीची इच्छा होती. परंतु हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत होता त्या काळापासून, म्हणजे १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाला त्याच्याही पुष्कळ आधींपासून, ज्यांनीं हा धर्मग्राम उभा केला, त्यांपैकीं कांहीं वडीलधारी मंडळी ईश्वरकृपेनें अद्यापि आपणांमध्यें आहे. त्यांनीं या स्मरणिकेसाठीं स्वतः लेख लिहून दिले आहेत. त्यांच्या हातचें वाचावयास मिळत असतां आमच्या तोंडून तेंच ऐकण्यांत कांहीं स्वारस्य नाहीं. म्हणून समितीची क्षमा मागून आम्हीं विषय बदलून घेतला. आज आम्ही एकाच शब्दाविषयीं बोलणार आहों. तो शब्द म्हणजे 'चैतन्य'.

हा विषय सुचण्याचें कारण असें. स्मरणिकेसाठीं आलेले लेख तपासण्याचें काम आम्हांकडे होतें. तें करितां करितां आमच्या ध्यानांत आलें कीं, जवळजवळ प्रत्येक लेखांत हा शब्द एकदां तरी येऊन गेला आहे. गायकवृंदानें चैतन्य आणलें, रोषणाईनें चैतन्य पसरलें, मिरवणुकींत चैतन्य संचारलें. येथवर ठीकच होतें. परंतु दोन लेखांनीं आमची लेखणी थांबविली. एक लेख आपल्यांतील एका वृद्ध गृहस्थांचा. ते लिहितात कीं, पूर्वींचें चैतन्य आतां राहिलें नाहीं. दुसरा लेख महाविद्यालयांत शिकणाऱ्या एका तरुणाचा. तो लिहितो कीं, रविवारच्या मिस्सेंत चैतन्य नाहीं, म्हणून तरुण मंडळी मागच्या बांकावर बसते आणि आशीर्वाद होतांच निघून जाते. एकाचें वय ऐशीच्या घरांत, दुसरा अजून विशीच्या आंत. पण तक्रार एकच, आणि शब्दही तोच. दोष कोणाचा म्हणून विचारलें, तर वृद्ध तरुणांकडे बोट दाखवितात आणि तरुण वृद्धांकडे. आम्हांस वाटलें, माणसांचा निवाडा करण्यापूर्वीं शब्दाचा निवाडा करावा.

आपली मराठी भाषा या बाबतींत दरिद्री नाहीं. हुरूप दाखविणारे शब्द तिच्यापाशीं पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचें घर निराळें आहे. 'तरतरी' घ्या. शेतांतून थकून आलेल्या माणसानें तोंडावर पाणी मारलें व कपभर चहा घेतला, कीं त्यास तरतरी येते. ती देहाची असते, आणि घटकाभराची असते. 'हुशारी' आजाऱ्यास वाटते. ताप उतरला म्हणजे तो म्हणतो, आज जरा हुशारी आहे. 'जोम' हा बळाचा शब्द. तो पिकास लागतो, तसा तरुणासही लागतो. 'उमेद' फारसींतून आपल्याकडे आली, आणि तिची दृष्टि नेहमीं उद्यांकडे असते. 'उत्साहाची' दृष्टि हातांतील कामाकडे असते. काम आटोपलें कीं तो ओसरतो. महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशीं मांडव सोडावयास किती माणसें येतात, हें पाहिलें म्हणजे याची साक्ष पटेल. 'जिवंतपणा' तर निर्जीव वस्तूसही लावतां येतो. चांगल्या चित्रांत जिवंतपणा आहे असें आपण म्हणतों, आणि विहिरीच्या तळाशीं न आटणारा झरा असला तर त्यास जिवंत झरा म्हणतों.

'चैतन्य' या सर्वांहून निराळें आहे. हा शब्द संस्कृतांतून आला. त्याच्या मुळाशीं 'चित्' हा धातु आहे, आणि या धातूचा अर्थ हालणें, नाचणें किंवा गर्जणें असा मुळींच नाहीं. त्याचा अर्थ जाणणें, ध्यानांत घेणें, लक्ष जाणें असा आहे. आपला नेहमींचा 'चित्त' हा शब्द त्याच धातूचा. ज्यास जाण आहे तो 'चेतन', आणि चेतन असण्याचा जो भाव, तें 'चैतन्य'. म्हणूनच त्याचा विरुद्धार्थी शब्द 'मरण' हा नव्हे. त्याचा विरुद्धार्थी शब्द 'जडता' हा होय. आतां जड वस्तु हालत नाहीं असें थोडेंच आहे? डोंगरावरून दगड गडगडत येतो, पंखा गरगर फिरतो, ध्वनिक्षेपक सारा मोहल्ला दणाणून सोडतो. परंतु दगडास, पंख्यास किंवा ध्वनिक्षेपकास समोर कोण उभें आहे हें कळत नाहीं. म्हणून हालचाल व आवाज यांवरून चैतन्याची परीक्षा करूं नये.

उलट बाजूनें पाहा. आपल्या जिल्ह्यांत सारस पक्षी आहे. महाराष्ट्रांत तो इतरत्र क्वचितच आढळतो. धानाच्या बांधींत सारसाची जोडी किती तरी वेळ स्तब्ध उभी असते. लांबून पाहणारास कोणीं दोन खांब रोवले आहेत असें वाटावें. पण आपण बांधावर एक पाऊल टाकलें, कीं त्यांच्या माना वळल्याच म्हणून समजावें. त्या स्तब्ध पक्ष्यांत चैतन्य नाहीं असें कोण म्हणेल? तें डोळ्यांत आहे, कानांत आहे. त्यास पंख फडफडवून दाखविण्याची गरज नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं हा शब्द मोठ्या जपून वापरला होता. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्यें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या काळीं हा तत्त्वज्ञानाचा शब्द होता. जें जाणतें असें तत्त्व, तें चैतन्य. संत तुकाराममहाराजांच्या गुरुपरंपरेंत राघवचैतन्य, केशवचैतन्य व बाबाजीचैतन्य अशीं नांवें येतात. बंगालमध्यें १४८६ सालीं जन्मलेल्या महापुरुषास संन्यास घेतांना कृष्णचैतन्य हें नांव मिळालें. त्यांच्या कीर्तनांत नाद होता, नृत्यही होतें. परंतु नांव नादावरून पडलें नाहीं, जागृतीवरून पडलें. पुढें हा शब्द तत्त्वज्ञानाच्या ओट्यावरून खालीं उतरला, सभा-समारंभांत शिरला, आणि 'वातावरण चैतन्यमय झालें' असें म्हणण्याची चाल पडली. त्यांत पाप नाहीं. पण दागिना रोज वापरूं लागलें म्हणजे त्यावरील नक्षी झिजते, तसें या शब्दाचें झालें आहे.

याच शब्दाचें एक घरगुती भावंड आहे, तें विसरूं नये. तें म्हणजे 'चेतणें'. चूल चेतते, विस्तव चेतवितात. गॅसच्या शेगड्या येण्यापूर्वीं आपल्या आज्या रात्रीं निखारे राखेखालीं पुरून ठेवीत आणि पहाटे राख बाजूस सारून, फुंकर घालून, तोच विस्तव पुन्हा चेतवीत. घरचा विझला असला, तर शेजारणीकडून एक निखारा मागून आणीत. या रिवाजांत चैतन्याचे तीन धर्म सांपडतात. तें बाहेरून दिसत नसलें तरी आंत असूं शकतें. त्यास श्वासाची फुंकर लागते. आणि एका घरचें दुसऱ्या घरास देतां येतें, दिल्यानें कमी होत नाहीं.

फुंकर म्हटली कीं ख्रिस्ती माणसास उत्पत्तीच्या पुस्तकांतील तें पहिलें चित्र आठवावें. ईश्वरानें मातीचा मनुष्य घडविला, आणि त्याच्या नाकपुड्यांत आपला श्वास फुंकला, तेव्हां तो जिवंत प्राणी झाला. इब्री भाषेंत 'रूआह' हा शब्द वारा, श्वास व आत्मा या तिन्ही अर्थीं चालतो. ग्रीक 'प्न्यूमा' व लॅटिन 'स्पिरितुस' यांचेंही तसेंच आहे. गोव्यांतील जुन्या कोंकणी प्रार्थनांत 'स्पिरिता सांता' असा जो उच्चार आपण ऐकतों, तो याच लॅटिन शब्दाचा. आणि आपण रविवारीं श्रद्धेचा जो अंगीकार म्हणतों, ज्याचा पवित्र आत्म्याविषयींचा विस्तार ३८१ सालच्या कॉन्स्टंटिनोपल येथील धर्मपरिषदेशीं निगडित आहे, त्यांत पवित्र आत्म्यास जीवनदाता असें म्हटलें आहे. चैतन्य आपण आणतों, असें जें आपण अहवालांत लिहितों, त्यांत म्हणूनच थोडी दुरुस्ती हवी. आपण आणतों ती रोषणाई. चैतन्य दिलें जातें.

सेमिनरींत असतांना आम्हांस संत थॉमस अक्वायनस यांचें तत्त्वज्ञान शिकविलें जाई. ॲरिस्टॉटलाचें बोट धरून संत थॉमस जीवनाच्या तीन पायऱ्या मानतात. धानाचें रोप जिवंत आहे. तें अन्न घेतें, वाढतें, ओंबी धरतें. गाय त्याहून वरच्या पायरीवर. तिला दुखतें, दिसतें, वासराचा हंबरडा कळतो. मनुष्य त्याहूनही वर. त्यास सत्य काय आणि चांगलें काय हें समजतें, आणि समजून प्रेम करितां येतें. पाहा, प्रत्येक पायरीवर जीवन वाढत जातें म्हणजे काय वाढतें? पाय वाढत नाहींत, आवाज वाढत नाहीं, जाण वाढते. दुसऱ्या शतकांत लिओं नगरीचे बिशप असलेले संत इरेनेयस यांनीं शिकविलें कीं, जिवंत मनुष्य हेंच ईश्वराचें वैभव होय. २०२२ सालीं दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं या संतांस ख्रिस्तसभेचे आचार्य ही पदवी दिली, तेव्हां त्यांचें हें वचन पुष्कळ ठिकाणीं पुन्हा ऐकूं आलें. परंतु त्यास जोडून आलेली दुसरी शिकवण मात्र बहुतेक सांगितली जात नाहीं. ती अशी कीं, ईश्वराचें दर्शन हें मनुष्याचें जीवन होय. जगणें म्हणजे पाहणें, ही गोष्ट इतक्या जुन्या काळीं आपल्या पूर्वजांनीं सांगून ठेविली आहे.

मिस्सेंत चैतन्य नाहीं, ही आमच्या तरुणाची तक्रार आम्हीं गंभीरपणें घेतली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचें जें संविधान प्रसिद्ध केलें, त्यांत भाविकांचा सहभाग कसा असावा हें सांगितलें आहे. तो पूर्ण असावा, जाणिवेचा असावा आणि सक्रिय असावा. शब्दांचा क्रम ध्यानांत घ्या. सक्रिय होण्याच्या आधीं जाणीव आहे. केवळ मिस्सा लॅटिनऐवजीं मराठींत झाली, टाळ्या वाजल्या आणि नवें वाद्य आलें, म्हणून सहभाग पुरा झाला असें नव्हे. आणि जुनें गाणें जुन्या चालीवर म्हटलें म्हणून तो पुरा झाला, असेंही नव्हे. वेदीवर काय घडत आहे आणि शेजारीं कोण बसलें आहे, या दोहोंची जाण असली तर मिस्सेंत चैतन्य आहे.

जाणीव म्हणजे काय, याचीं दोन उदाहरणें मराठीच्या इतिहासांतून देतों. थॉमस स्टीफन्स नांवाचे येशूसंघीय इंग्रज धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास उतरले. त्यांचें ख्रिस्तपुराण रायतूर येथें छापून निघालें तें १६१६ सालीं. मधल्या सदतीस वर्षांचा विचार करा. या काळांत त्या परक्या माणसानें साष्टीच्या गांवांतून लोकांचें बोलणें ऐकलें, त्यांच्या ओव्या ऐकल्या, आणि अखेर त्यांच्याच छंदांत सुमारे अकरा हजार ओव्यांचें पुराण रचलें. मराठी भाषेची त्यांनीं केलेली स्तुति आपण शाळेच्या पुस्तकांत वाचली आहे. ती स्तुति सदतीस वर्षें कान उघडे ठेवल्याचें फळ होय. १६१९ सालीं ते वारले. व्याख्यानें देत फिरणारे पुष्कळ असतात. इतका काळ ऐकत राहणारा विरळा. त्यांचें चैतन्य त्यांच्या कानांत होतें.

दुसरें उदाहरण आपल्या अगदीं उंबरठ्यावरचें आहे. १८९३ सालीं नारायण वामन टिळक रेल्वेनें राजनांदगांवास चालले होते. नागपुराहून राजनांदगांवास जाणारी गाडी तेव्हांही आजच्याप्रमाणें गोंदियावरूनच जात असे. डब्यांत एक परदेशी मिशनरी होता. त्यानें या अनोळखी प्रवाशाशीं आदरानें संभाषण केलें, कवितेविषयीं व धर्माविषयीं त्याचें म्हणणें ऐकून घेतलें, आणि निघतांना त्याच्या हातीं नवा करार दिला. १८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि मराठी ख्रिस्ती गीतांचें भांडार भरून टाकलें. ते दोघेही आपल्या कॅथोलिक पंथाचे नव्हते, तरी टिळकांचीं गीतें आपणही गातों. आम्हांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, त्या खडखडणाऱ्या डब्यांत समोरच्या बांकावरील माणसाकडे एकाचें नीट लक्ष गेलें, आणि तेवढ्यानें मराठी ख्रिस्ती समाजाचा स्वर बदलला. हल्लीं आपण रेल्वेंत समोर कोण बसलें आहे हें न पाहतां, हातांतल्या पडद्याकडे पाहत, गोंदियाहून नागपूर गांठतों.

आतां आमची स्वतःची एक चूक सांगितल्यावांचून हें भाषण प्रामाणिक होणार नाहीं.

आम्ही या धर्मग्रामांत आलों, त्या पहिल्या वर्षाच्या अखेरीस वरिष्ठांकडे अहवाल धाडावयाचा होता. पूर्वेस महामार्गाच्या कडेला आपलें एक लहानसें केंद्र आहे, तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. बारा-तेरा घरें, कौलारू प्रार्थनामंदिर, आणि दोन पट्ट्या मुक्या झालेली बाजाची पेटी. आम्ही महिन्यांतून एकदां तेथें जात असूं. गाणें सुरू झालें कीं तें रेंगाळत चाले. आषाढांत गेलों, तर निम्मीं माणसें रोवण्यावर. तरुण पोरांनीं नागपूर, रायपूर, हैदराबाद गांठलेलें. पुढच्या चटईवर एक म्हातारी बसे. तिला ऐकूं कमी येई, आणि आमचें प्रवचन चाललें असतां ती आमच्याकडे न पाहतां सारखी दाराकडे पाहत बसे. आम्हांस याचा राग येई. अहवालांत आम्हीं त्या गांवापुढें चारच शब्द लिहिले : येथें चैतन्य अगदीं नाहीं.

त्यानंतर २०२० सालचा मार्च महिना आला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. प्रार्थनामंदिरें बंद झालीं. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आम्हीं रिकाम्या बांकांसमोर साजरा केला. मे महिन्यांत मुंबई-कोलकाता महामार्गानें देवरीच्या अंगानें छत्तीसगढकडे माणसांची रांग लागली. हातचें काम गेलेले मजूर, डोक्यावर बोचकें, कडेवर मूल, अशीं तीं माणसें पायीं चालत आपापल्या गांवीं निघालीं होतीं. एके सकाळीं त्या केंद्रावरील आमच्या प्रचारकांचा फोन आला.

"फादर, आजी देवळांतला मोठा रांजण मागते. देऊं का?"

"कशाला पाहिजे?"

"रस्त्यानं माणसं चालून राहिली ना, फादर."

आम्हीं होकार दिला, आणि खरें सांगावयाचें तर दोन दिवसांत विसरून गेलों. परवाने मिळून आम्ही तेथें पोहोंचलों, तेव्हां पाहिलें तें असें. महामार्गाच्या कडेच्या झाडाखालीं रांजण मांडला होता. बाया आळीपाळीनें पाणी भरीत होत्या. चुलीवर तांदळाची पेज शिजत होती, तांदूळ घरोघरचे. ती आजी झाडाच्या बुंध्याशीं बसून येणाऱ्यांच्या पायांकडे पाहत होती. ज्याचे पाय फुटलेले दिसत, त्यास ती हातानें खूण करी, तेल लावी, आणि आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधी. कोणाची जात, कोणाचा धर्म, हें तिनें विचारलें नाहीं. विचारलें असतें तरी उत्तर तिला ऐकूं आलें नसतें.

इतक्यांत तिनें पेजेचें भांडें उचललें आणि ती झाडामागें गेली. तेथें सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा रस्त्याकडे पाठ करून बसला होता. तो पाणी मागावयास आला नव्हता, पेज मागावयास आला नव्हता; आमच्या तर तो दृष्टीसही पडला नव्हता. तो दोन भांडीं पेज प्याला आणि मग गुडघ्यांत डोकें घालून रडला. संध्याकाळीं आम्हीं तिच्या कानाशीं जाऊन मोठ्यानें विचारलें, "आजी, तो पोरगा भुकेला आहे हें तुम्हांला कसें कळलें? त्यानें तर मागितलें नव्हतें." ती म्हणाली, "मागणाऱ्याचं सारेच ऐकतात, फादर. मले ऐकू येत नाही, म्हणून मले पाहाच लागते."

धीर करून आम्हीं आणखी एक प्रश्न विचारला. मिस्सा चालली असतां तुम्ही दाराकडे कां पाहतां? ती म्हणाली, "कोण नाही आला ते पाहतो." मग आम्हांस प्रचारकांकडून समजलें कीं, दर वेळीं मिस्सा आटोपल्यावर, जो आला नसेल त्याच्या घरीं ही म्हातारी जाऊन येत असे. ही गोष्ट गांवांत सर्वांस ठाऊक होती. प्रमुख धर्मगुरूंस तेवढी ठाऊक नव्हती. प्रवचनास जी लक्ष देत नाहीं असें आम्हीं मानलें, तिचें लक्ष संपूर्ण कळपावर होतें. आणि ज्याच्या हातीं कळप सोंपविला होता, तो पेटीच्या मुक्या पट्ट्या मोजीत होता.

ती आजी आज हयात नाहीं. आमचा तो अहवाल केव्हांच दप्तरीं दाखल झाला. तो आतां आमच्या हातीं यावयाचा नाहीं. म्हणून आज आपणां सर्वांसमक्ष, आणि या स्मरणिकेच्या छापील पानावर, आम्ही तो दुरुस्त करितों. त्या गांवीं चैतन्य होतें. तें पाहण्याची जाण आम्हांस नव्हती. तेव्हां अचेतन कोणी असेल, तर तो अहवाल लिहिणारा होता.

कोणी म्हणेल, मग आतां गाणें-बजावणें बंद करावयाचें काय? मुळींच नव्हे. ढोल वाजूं द्या, तरुणांनीं नवीं गाणीं बसवावीं, रोषणाई अवश्य करावी. उदासपणा म्हणजे भक्ति, अशी समजूत आम्ही कधीं पसरविली नाहीं, आणि पसरविणार नाहीं. पेंटेकोस्टच्या दिवशींही गजबज होती. वाऱ्याचा सोसाटा होता, अग्नीच्या जिभा होत्या, आणि प्रेषितांचा तो आवेश पाहून कांहीं बघे म्हणाले कीं, हे द्राक्षारस पिऊन झिंगले आहेत. संत पेत्रांना उभें राहून सांगावें लागलें कीं, बाबांनो, आतां तर सकाळचे नऊच वाजले आहेत! यावरून एक धडा घ्यावा. नुसत्या बाहेरच्या गजबजीवरून पाहिलें, तर पवित्र आत्म्याचें चैतन्य आणि मद्याची झिंग यांतील भेद कळत नाहीं. तो कळला कशावरून? जमलेल्या परदेशस्थ लोकांपैकीं प्रत्येकास आपापल्या भाषेंत बोध झाला यावरून. झिंगलेला मनुष्य आपल्याच भाषेंत ओरडतो. आत्म्यानें भरलेला मनुष्य ऐकणाराच्या भाषेंत बोलतो. आपल्या बांकांवर मराठी, हिंदी, छत्तीसगढी व मल्याळी बोलणारीं घरें शेजारीं शेजारीं बसतात. आपणांस ही परीक्षा दर रविवारीं द्यावयाची आहे.

आतां त्या दोन लेखांकडे परत येऊं. आजीची आठवण मनांत ठेवून आम्हीं ते दोन्ही लेख पुन्हा वाचले, आणि पहिल्या वेळीं नजरेंतून सुटलेल्या दोन ओळी सांपडल्या. वृद्ध गृहस्थ लिहितात कीं, त्या काळीं कोणी सलग दोन रविवार दिसला नाहीं, तर तिसऱ्या रविवारच्या आंत दोघे जण सायकलीनें त्याच्या घरीं जात. तरुण लिहितो कीं, परीक्षेंत नापास होऊन तो महिनाभर देवळांत आला नाहीं, आणि परत आला तेव्हां इतके दिवस कोठें होतास, असें त्यास कोणींच विचारलें नाहीं. आतां सांगा, या दोघांचें भांडण कोठें आहे? एकास ज्याची आठवण होते, तेंच दुसऱ्यास हवें आहे. दोघांनींही शब्द अगदीं योग्य अर्थानें वापरला होता. चुकीच्या अर्थानें वाचला तो आम्हीं.

तेव्हां या शब्दाचा उपयोग कसा करावा, हें थोडक्यांत सांगून आम्ही रजा घेतों. पहिली गोष्ट, तो लेखांत कमी लिहावा. मांडव सुंदर झाला असेल तर मांडव सुंदर झाला असेंच लिहावें. दुसरी गोष्ट, येत्या रविवारपासून प्रत्येक बांकावरील वडील माणसानें आपल्या बांकावर आज कोण आलें नाहीं, हें पाहून ठेवावें, आणि आठवड्याच्या आंत त्या घरीं जावें. गेल्यावर उपदेश करूं नये, प्रकृति विचारावी. तिसरी गोष्ट, कामासाठीं वा शिक्षणासाठीं परगांवीं गेलेल्या आपल्या मुलामुलींची एक वही महोत्सव समितीनें करावी, आणि नाताळास व पुनरुत्थानाच्या सणास त्यांतील प्रत्येकास फोन करावा. आम्हीही त्यांतील आमचा वांटा उचलूं. चौथी गोष्ट, ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर दोन मिनिटें सर्वांनीं निःशब्द बसावें. त्या दोन मिनिटांत देवळांत कांहींच घडत नाहीं असें लहान मुलांस वाटेल. त्यांस आपल्या बांधींतील सारस दाखवावा.

पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वडीलधाऱ्यांनीं या भूमींत जो विस्तव आणला, तो विझला आहे असें आम्हांस वाटत नाहीं. राख पुष्कळ जमली आहे, हें खरें. त्यांतील कांहीं आमच्याही हातची आहे. ती बाजूस सारून, जीवनदात्या पवित्र आत्म्यानें फुंकर घालावी, आणि ज्याच्या घरचा विस्तव विझला असेल त्याच्या दारीं आपल्यापैकीं कोणी तरी निखारा घेऊन उभें असावें, एवढीच या सुवर्णमहोत्सवाच्या दिवशीं प्रभु येशू ख्रिस्ताच्या चरणीं आमची प्रार्थना आहे. आपणां सर्वांवर, घरीं राहिलेल्यांवर आणि दूर गेलेल्यांवर, त्याचा आशीर्वाद असो. आमेन.